लाज, द.सा.द.शे.

कर्ज फेडण्याचं शास्त्र अगदी सोपं आहे. ज्या कर्जाचं व्याज सगळ्यात चढं, ते आधी फेडावं. बाकीच्यांना तोवर नुसता ठरलेला हप्ता देत राहावं. पहिलं मिटलं की मोकळा झालेला पैसा दुसऱ्यावर घालावा. सातवीच्या गणिताबाहेरचं यात काही नाही. मी सातारच्या एका पगारदार नोकरांच्या पतसंस्थेत बरीच वर्षं मानद सचिव होतो. (मानद म्हणजे काम पूर्ण वेळ आणि वर्षातून एकदा शाल.) एवढ्या काळात या शास्त्राप्रमाणे कर्ज फेडणारा सभासद काही माझ्या टेबलासमोर आला नाही. आले ते सगळे दुसऱ्याच एका दराने फेडणारे. हा दर कुठल्या रोख्यावर लिहिलेला नसतो, रिझर्व्ह बँक तो दर दोन महिन्यांनी जाहीर करत नाही, पण घरोघरी तो पाठ असतो. लाजेचा दर.

उदाहरणाला दाजी घेऊ. पोराच्या ॲडमिशनच्या वेळी घाईत बहिणीच्या यजमानांकडून वीस हजार हातउसने घेतलेले असतात. कागद नाही, व्याज नाही, जामीनदार नाही. वर दाजी म्हणालेले असतात, "राहू द्या हो, सावकाश द्या." यापेक्षा महाग वाक्य कुठल्याही सावकाराने उच्चारलेलं नाही. बँक निदान तारीख तरी देते, त्यामुळे हप्ता महिन्यातून एकदाच चुकतो. दाजींनी तारीखच न दिल्यामुळे तो रोज सकाळी उठल्यापासून चुकलेला असतो.

मग दाजी गणपतीला येतात. आरती होते, प्रसाद होतो, आणि चहा घेताना ते सहज म्हणतात, "पडदे छान आहेत, वहिनी." दाजींच्या मनात काही नसतं. पण वहिनी कुणी विचारलेलं नसताना सांगायला लागतात की पडदे सेलमधले आहेत, दोनावर एक मिळाला, आणि जुने तर इतके विरले होते की समोरच्या बिल्डिंगमधून आमचं सगळं जेवण दिसायचं. दाजी गोरेमोरे होतात. आता त्यांनाही ते वीस हजार आठवतात. पुढच्या पगाराला घरधनी दात-ओठ खाऊन सगळे वीस हजार एकरकमी दाजींच्या हातावर ठेवतो, वर अर्धा किलो कंदी पेढे. बिनव्याजी कर्जाला इकडे पेढ्यांनी व्याज देण्याची पद्धत आहे.

पगार दाजींकडे गेला. आता महिन्याचं वाणसामान, पोराची फी, गॅस हे सगळं कार्डावर. कार्डवाल्यांचा दर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२. हे आकडे कुणाला माहीत नसतात असं नाही. पण कार्ड आपल्याकडे गणपतीला येत नाही. ते फक्त महिन्यातून एकदा कळवतं की किमान एवढे भरा, आणि तेही अशा अदबीने की भरणाऱ्याला आपण कुणावर तरी उपकार करतो आहोत असं वाटावं. समजा कार्डावर वीस हजार राहिले आणि माणसाने किमान म्हणून हजार भरले. साडेतीन टक्क्यांनी ७०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १२६. हजारातून मुद्दलाकडे पोचले १७४. दाजींचं शून्य टक्क्याचं कर्ज फेडण्यासाठी गड्याने ४२ टक्क्यांचं घेतलं, आणि त्या रात्री तो शांत झोपला. हिशेबाच्या वहीत हा माणूस वेडा ठरेल. मी त्याला वेडा म्हणायला तयार नाही. शांत झोपेची किंमत लिहायला वहीत रकाना नाही, ही वहीची अडचण.

कर्जाला चेहरा असला की दर चढतो, चेहरा नसला की उतरतो, असं माझं निरीक्षण आहे. कोपऱ्यावरच्या वाण्याचे अठराशे रुपये घरकर्जाच्या अठरा लाखांपेक्षा जड असतात. घरकर्ज एसी शाखेत काचेपलीकडे बसलेलं असतं, वाणी दुकानाच्या पायरीवर बसलेला असतो आणि "काय साहेब, हल्ली दिसत नाही?" म्हणतो. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जायला साताऱ्यात वरचा रस्ता आहे तसा खालचाही आहे, ही नगररचनाकारांनी उधारीवाल्यांची केलेली मोठीच सोय. माझ्या ओळखीचे एक हेडक्लार्क महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत वरून जात आणि पंधरानंतर खालून. प्रकृतीसाठी चालण्याचा मार्ग बदलावा लागतो, असं ते सांगत.

सोन्याचंही असंच. तारण ठेवलेल्या पाटल्या बँकेच्या तिजोरीत पडून असतात, व्याज चढत असतं, आणि घरात कुणाला फारशी घाई नसते. उलट, चोराची भीती गेली म्हणून घरातली बाई जरा निवांतच असते. पण नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं की त्या पाटल्यांना मुदत लागते, आणि ती बँकेची नव्हे, मुहूर्ताची. कुठून कुठून पैसे गोळा करून पाटल्या सोडवून आणल्या जातात, मांडवात चार तास मिरवतात, आणि सोळावा उलटला की पुन्हा तिजोरीत जाऊन बसतात. ज्यांना सोडवणं जमत नाही त्या एक ग्रॅमचं घालतात. मला तर हल्ली मांडवात असं वाटतं की निम्मं सोनं एक ग्रॅमचं आहे आणि सगळ्याजणी एकमेकींचं निरखून पाहात आहेत, पण हात लावून कुणीच बघत नाही. हा बायकांमधला एक अलिखित सामंजस्य करार असावा.

लाजेच्या दराला थोरामोठ्यांनाही सूट नसते. आमच्या साताऱ्याजवळच धावडशी आहे, ब्रह्मेंद्रस्वामींचं गाव. थोरल्या बाजीरावांचे हे गुरू, आणि त्यांचे सावकारही. ज्याने १७३७ साली दिल्लीच्या वेशीपर्यंत घोडी नेली तो पेशवा स्वामींना पत्रं लिहितो आणि त्यात मोहिमांइतकंच देणेकऱ्याचं गाऱ्हाणं असतं: सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडता पडता कपाळाची सालटं गेली, अशा अर्थाचं. मला त्यांची दया येते ती कर्जाच्या रकमेसाठी नव्हे. ज्याच्या पायाशी मनःशांतीसाठी बसायचं, त्याचंच देणं लागत असलं तर माणसाने बसायचं कुठे? दाजीच गुरू झाले तर काय होईल, याची कल्पना करून बघावी.

घेणेकऱ्यालाही लाज असते, हे आपण विसरतो. मागणं हे देण्यापेक्षा अवघड काम आहे. तुकोबांच्या घरी महाजनकी होती. दुष्काळानंतर त्यांनी लोकांकडून येणं असलेली खतं घेतली, अर्धी धाकट्या भावाला, कान्होबाला वाटून दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. एरवी आपण त्यात वैराग्य बघतो. वैराग्य होतंच. पण दुष्काळात होरपळलेल्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन "बाबा, आमच्या पैशांचं काय?" असं विचारणं त्या माणसाला शक्य तरी होतं का? भावाचे कागद भावाला देऊन मग आपले बुडवले, यातला व्यवहारही मला फार आवडतो. दुसऱ्याच्या येण्यावर उदार झाले नाहीत.

देहूच्याच पुणे जिल्ह्यातलं सुपे. तिथे १२ मे १८७५ला, बाजाराच्या दिवशी, सावकारांच्या दुकानांवर कुणबी चालून गेले. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. गंमत अशी की लोकांचा डोळा सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. रोखे, खतं, दस्तऐवज बाहेर काढायला लावायचे आणि जाळायचे. बेअब्रू त्या कागदात कोंडलेली आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. म्हणजे आपल्या मुलखात कर्जाचे कागद बुडवून झाले, जाळूनही झाले. आम्हा नोकरदारांच्या वाट्याला तिसरा मार्ग आला तो पगारातून कपातीचा. त्यावर पोवाडा कुणी रचणार नाही, पण तेवढा खात्रीचा दुसरा नाही.

पतसंस्थेची सगळी युक्ती लाजेवरच उभी आहे, हे मला खुर्चीत बसल्यावर कळलं. आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली आला. त्यामागे जर्मनीतल्या रायफायझन नावाच्या गृहस्थांच्या खेड्यातल्या पतपेढ्या होत्या. त्यांचं तत्त्व असं की ज्याच्याकडे तारण ठेवायला काही नाही, त्याच्याकडे शेजारी तर असतातच, तेच तारण. आमच्याकडे या तत्त्वाचं नाव जामीनदार. दोन लागतात, आणि शक्यतो त्याच ऑफिसातले. कर्ज मागायला आलेला माणूस एरवी वाघ असला तरी जामीनदार शोधताना त्याचा आवाज बदलतो. ज्यांच्याशी चार वर्षं अबोला आहे त्यांना तो "चहा घ्यायचा का?" म्हणून विचारतो. त्या कॅन्टीनच्या चहाचा अर्थ सगळ्या ऑफिसला कळतो, आणि ज्यांना विचारलेलं नाही ते फायलीत डोकं घालतात. पुढे हप्ता थकला की कपात जामीनदाराच्या पगारातून, आणि जामीनदार बसतो बरोबर समोरच्या टेबलावर. अशा थकबाकीला नोटीस पाठवावी लागत नाही. समोरच्याने नुसता डबा उघडताना "घ्या थोडं" म्हणायचं बंद केलं की आठ दिवसांत भरणा होतो.

बाकीचं काम पगारपत्रक करतं. सहकार कायद्याच्या ४९व्या कलमाने कर्जदाराने तसं लिहून दिलं की मालकाने हप्ता पगारातूनच कापून संस्थेकडे पाठवायचा असतो. "हातात किती पडतात?" हा प्रश्न म्हणूनच आपल्याकडे "पगार किती?" याहून खरा मानतात. भविष्य निर्वाह निधी, विमा, सोसायटी, सण अग्रिमाचा हप्ता, व्यवसाय कर. या व्यवसाय कराचं मला कौतुक आहे. अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. महिना सगळ्यात आखूड, कर सगळ्यात जास्त. हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला विनोदबुद्धी नव्हती असं मी मानायला तयार नाही. पण कपातीत एक मोठं सुख आहे. जो पैसा हातात आलाच नाही तो देताना जीव तुटत नाही, आणि ज्याला द्यायचा त्याच्यापुढे उभंही राहावं लागत नाही. लाजेचा दर तिथे शून्यावर येतो. थोड्या पगारातही आमच्या सभासदांची घरं उभी राहिली, मुलं शिकली, त्याचं श्रेय त्यांच्या मनोनिग्रहाला देण्याचा मोह वार्षिक सभेत अध्यक्षांना दर वर्षी होई. माझ्या मते ते श्रेय पगारपत्रकातल्या त्या रकान्याचं. सभासदांचं लक्ष तसंही भाषणाकडे नसे. यंदा स्टीलचा डबा आहे की चादर, एवढाच त्यांच्यापुढचा विषय.

कपातीबाहेरचं फेडायचं ते "फरका"वर. महागाई भत्त्याचा फरक, वेतन आयोगाचा फरक, पदोन्नतीचा फरक. "फरक निघाला की देतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की सरकारी तिजोरी उघडली तर आतून नोटांऐवजी माझ्या सभासदांची आश्वासनं बाहेर पडतील अशी मला शंका होती. एकच फरक तीन जणांना कबूल केलेला असे. तो निघाला की ज्याची लाज सगळ्यात जास्त त्याला तो मिळे, उरलेले दोघे पुढच्या वेतन आयोगाची वाट पाहात. आणि ज्याला फरकही पुरत नसे तो कर्ज नवं-जुनं करे. म्हणजे जुन्याची बाकी नव्यातून वळती करून घ्यायची आणि उरलेली रक्कम घरी न्यायची. एका सभासदाने मुलाच्या बारशाला घेतलेलं कर्ज असं नवं-जुनं करत करत थेट त्याच मुलाच्या जामिनावर आणून ठेवलं होतं. मुलगा आमच्याच खात्यात लागला होता.

दुकानांतल्या हप्त्यांबद्दल मात्र मला विनोद सुचत नाही. "फक्त १२ टक्के" असा बोर्ड असतो, आणि ते १२ टक्के सपाट असतात. एक लाख तीन वर्षांसाठी घेतले, तर घटत्या शिलकीवर १२ टक्क्यांनी महिन्याचा हप्ता साधारण ३,३२१ रुपये बसतो. सपाट दराने बसतो ३,७७८. तुम्ही मुद्दल फेडत आलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच चाललेलं असतं, त्यामुळे त्या बोर्डावरच्या १२चे खरे टक्के २१ होतात. १ ऑक्टोबर २०२४पासून बँका आणि वित्त कंपन्यांना कर्जाच्या खऱ्या वार्षिक दरासह सगळी मुख्य माहिती एका पत्रकात द्यावी लागते. पत्रक मिळतं. पण नवा फ्रिज टेम्पोत चढत असताना ते वाचणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि टेम्पोवाला थांबतही नाही.

याहून वाईट धंदा मोबाइलवरच्या काही कर्जवाल्यांनी केला. त्यांना लाजेचा दर आपल्यापेक्षा नेमका कळला. कर्ज देताना फोनमधली सगळी नावं-नंबर उपसून घ्यायचे आणि हप्ता चुकला की मामाला, साहेबांना, व्याह्यांना निरोप धाडायचे. चार हजारांसाठी माणसाची गावभर धिंड. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली फोनमधल्या संपर्कयादीला हात लावायला मनाई केली, आणि वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत असंही बजावलं. आमचा जामीनदार निदान डबा बंद करून गप्प बसत असे. त्याने कधी व्याह्यांना फोन केला नाही.

आता तर लाजेला आकडाही मिळाला आहे. सिबिल म्हणतात त्याला, ३०० ते ९००. आमच्या आळीतल्या एका निवृत्त मास्तरांनी जन्मात कुणाचा रुपया ठेवला नव्हता. सत्तरीत त्यांना नातीसाठी स्कूटर हप्त्यावर घ्यायची लहर आली. बँकेतल्या मुलीने संगणकात पाहून सांगितलं, "आजोबा, तुमचा स्कोअरच नाही." कधी कर्जच घेतलेलं नाही, तर तुम्ही फेडणारे आहात हे समजायचं कसं, असा तिचा सवाल. मास्तर महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगत होते. वर्गात पहिल्या आलेल्या पोराला गैरहजर लावलं म्हणून.

तर शास्त्र सोडून लोक लाजेच्या क्रमाने फेडतात, आणि त्यांना बदलण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. त्यात अगदीच अडाणीपणा आहे असंही नाही. दाजींचं खातं स्वच्छ ठेवलं तरच रात्री दोनला हॉस्पिटलमधून दाजींना फोन करता येतो. कार्डवाल्यांच्या फोनवर त्या वेळी गाणं लागतं. एवढंच मी सभासदांना सांगत असे की लाजेचं व्याज मुद्दलावर चढत नाही. वीस हजार देणं असलं काय आणि अठरा असलं काय, मान तेवढीच खाली जाते. पण पगाराच्या दुसऱ्या दिवशी, न मागता, दाजींच्या हातावर पहिले दोन हजार ठेवले की मान एकदम वर येते, आणि उरलेल्या अठरा हजारांवर जवळजवळ काहीच चढत नाही. तेव्हा चेहरा असलेल्यांना थोडं थोडं पण नेमाने द्यावं, आणि मोठा घास बिनचेहऱ्याच्या ४२ टक्क्यांना घालावा. काहींनी ऐकलं. दाजी लोकांची मात्र या योजनेबद्दल तक्रार होती. एकरकमीबरोबर पेढे येत, हप्त्यांबरोबर येत नाहीत.

एका ड्रायव्हरचं सांगतो. पगार बेताचा, घर बांधायला घेतलेलं कर्ज, सात वर्षांनी शेवटचा हप्ता गेला. बाकी नसल्याचा दाखला घ्यायला आले, घडी करून खिशात ठेवला, आणि टेबलावर वाकून हळूच म्हणाले, "साहेब, कपात तशीच चालू ठेवा. आवर्त ठेवीत टाका. घरी मात्र कळू देऊ नका कर्ज संपलं म्हणून. संपलं म्हटलं की खर्चाला पाय फुटतील." अर्ज लिहून दिला, मी मंजूर केला. पंधरवड्याने त्यांच्या मंडळी ऑफिसात आल्या. पदर सावरून उभ्याच राहिल्या.

"भाऊ, यांचं कर्ज फिटलं न्हवं?"

मी नियमाप्रमाणे म्हणालो की सभासदाची माहिती सभासदालाच देता येते.

"नका देऊ. धुवायला टाकलेल्या शर्टात दाखला घावला मला. कपात चालूच हाय, तेबी पगारपत्रात बघितलं. राहू द्या तशीच. फक्त मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका. न्हाईतर लगेच मोटारसायकल काढतील."